मनकर्णाचा आकडा

"दुसरं बोट द्या," सुलोचनाबाई म्हणाल्या. "या बोटाची कातडी फार जाड झाली आहे. टोचूनही रक्त येत नाही."

मनकर्णानं शेजारचं बोट पुढं केलं. दोन महिने कापूस वेचून तिच्या सगळ्याच बोटांना बोंडांच्या वाळक्या टोकांनी चिरा पाडल्या होत्या. स्पिरिटचा बोळा फिरला तसं बोट झोंबलं, पण तिनं ते मागं घेतलं नाही. सुई टोचली, रक्ताचा थेंब वर आला आणि सुलोचनाबाईंनी तो एका बारीक काचेच्या नळीत ओढून घेतला.

आंजीच्या सोसायटीच्या गोदामाला लागून ती खोली होती. पंच्याऐंशी सालचा जानेवारी. खताची पोती एका भिंतीला सारून मधे टेबल टाकलं होतं आणि टेबलावर रेडिओएवढं एक यंत्र होतं. नागपूरच्या एका संस्थेतले डॉक्टर देवपुजारी ते घेऊन आले होते. शेतात राबणाऱ्या बायकांना नेमका किती थकवा येतो, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. गावातल्या बारा बायका त्यांनी निवडल्या होत्या. त्या सगळ्या पुंडलिकरावांच्या वावरात वेचणीला जात, आणि पुंडलिकरावांनी तीन आठवडे त्यांना दुपारनंतर सोडायचं कबूल केलं होतं.

यंत्र सांभाळायचं काम सुलोचनाबाईंचं. त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, पण गावातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्यांना नर्सबाई करून टाकलं. यंत्राच्या आत नखाएवढा एक पडदा होता. तो परदेशातून आला होता आणि बर्फाच्या थर्मासमध्ये घालून आणावा लागला होता. माणूस दमला की त्याच्या रक्तात एक आंबट द्रव्य साठतं, सुलोचनाबाईंनी बायकांना समजावलं होतं, त्याला लॅक्टेट म्हणतात. या पडद्याला ते द्रव्य लागलं की अगदी बारीकशी वीज तयार होते. वीज किती झाली ते यंत्र मोजतं आणि आकडा दाखवतं. डेअरीत दुधाचं फॅट काढतात ना, तसं.

दह्यात असते थेच आंबट का, असं शकुबाईनं विचारलं होतं, आणि सुलोचनाबाई हो म्हणाल्या तशा साऱ्या बायका पदराआड हसल्या होत्या. अंगात दही लागते म्हंजे आता विरजण कोण घालते, असं कोणीतरी म्हटलं. काचेमागं लाल आकडे पळायला लागले तेव्हा तर शकुबाईनं सट्ट्याचा आकडा फुटल्यासारखं ओरडून सांगितलं होतं. त्या दिवशी डॉक्टरही हसले होते.

मनकर्णा मात्र सगळ्यांत शेवटी आली. तिला यायचंच नव्हतं.

कारण असं की तिला गावात "बसकी" म्हणायचे. जो बैल नांगराला जुंपला की सरीतच बसकण मारतो, त्याला शेतकरी बसका म्हणतात, त्यावरून. मनकर्णा वेचणीला गेली की दोन तासांत एकदा तरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायची. निंदणाला गेली तरी बसायची. विहिरीवरून पाणी आणताना गुंड, म्हणजे पितळी घागर, डोक्यावरून उतरवून वाटेत दगडावर टेकायची, आणि मागून येणाऱ्या बायका तिला वळसा घालून पुढं जायच्या. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हे तिनं लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सांगून पाहिलं होतं. तेव्हा सासू रुख्माबाई म्हणाली होती की आमची छाती का धडधडत नाही? तेव्हापासून तिनं सांगायचं सोडलं. बसायचं मात्र सोडता आलं नाही. नवरा नत्थूजी पुंडलिकरावांकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. बायकोच्या बसण्यावरून मालकासमोर खाली पाहावं लागतं, याचा राग तो घरी येऊन काढायचा. सतरा वर्षं हे असंच चाललं होतं. त्यात तीन मुलं झाली. दोन गेली आणि एक राहिली, गुलाब. ती आता तेरा वर्षांची होती.

तेव्हा थकवा मोजायचं यंत्र आलंय हे ऐकून मनकर्णाला भीती वाटली, की आता आपला आळस मशिनीतही दिसेल.

"आधी काही न करता रक्त घेतलं," सुलोचनाबाई वहीत लिहीत म्हणाल्या. "आता या ठोकळ्यावर चढायचं आणि उतरायचं. ही टिकटिक वाजते, तिच्या तालावर. पाच मिनिटं."

लाकडी ठोकळा फूटभर उंच होता. बाकीच्या अकरा बायकांनी पाच मिनिटं हसत-बोलत काढली होती. मनकर्णा दोन मिनिटं चढली-उतरली आणि मग भिंतीला हात लावून उभी राहिली. तिचे ओठ निळसर दिसत होते. दारात उभ्या शकुबाईनं मान वळवली.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "रक्त घ्या."

सुलोचनाबाईंनी रक्त घेतलं. मग तिला लोखंडी खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की आता अर्धा तास बसून राहायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही, हातात काही काम घ्यायचं नाही. अर्ध्या तासानं पुन्हा एकदा टोचू.

मनकर्णा बसली. आधी तिला अवघडल्यासारखं झालं. ती सारखी दाराकडं बघत होती, कोणी येऊन उठवेल असं वाटत होतं. मग हळूहळू तिची पाठ खुर्चीला टेकली. बाहेर गोदामाच्या पत्र्यावर कबुतरं घुमत होती. कोणीच काही म्हणत नव्हतं. बसायचं कामच तिला लावलं होतं, आणि तेही डॉक्टरनं. तिला आठवेना की कधी अशी दिवसाढवळ्या, चारचौघांसमोर, कोणाच्या शिव्या न खाता ती बसली होती. अर्धा तास झाल्यावर सुलोचनाबाई सुई घेऊन आल्या तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

टेबलाशी मात्र गडबड झाली होती. सुलोचनाबाईंनी डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टर वाकून आकडा बघत राहिले. बाकीच्या बायकांचा आकडा पाच मिनिटांच्या श्रमानंतर तीनच्या आसपास जायचा आणि अर्ध्या तासात एकवर यायचा. मनकर्णाचा दोनच मिनिटांत सात पूर्णांक चार झाला होता. अर्धा तास बसल्यावरही तो पाच पूर्णांक आठच होता.

यंत्र बिघडलं असावं असं डॉक्टरांना वाटलं. विजेचा दाब त्या दिवशी कमी-जास्त होत होता. त्यांनी पडदा तपासायला लावला. एका बाटलीत लॅक्टेट मोजून घातलेलं पाणी होतं, त्याचा आकडा पाचच यायला हवा. तो पाचच आला. शकुबाईला परत बोलावून तिचं रक्त घेतलं, तिचा एक आला. दुसऱ्या दिवशी मनकर्णाला पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. मग डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि तिच्या छातीला नळी लावली. खूप वेळ ऐकलं. लहानपणी ताप येऊन गुडघे सुजले होते का, असं विचारलं. ती दहा वर्षांची असताना सुजले होते, महिनाभर ती खाटेवर होती, आईनं गुडघ्यांना एरंडीची पानं बांधली होती. डॉक्टरांनी मान हलवली.

त्या तापानं हृदयाचं एक दार अरुंद झालंय, त्यांनी सांगितलं. अंगाला लागतं तेवढं रक्त पुढं जातच नाही. जड काम करायचं नाही. नागपूरला ऑपरेशन होतं, ते दार उघडून देतात, त्यानं बरं वाटतं. पण वेळ घालवू नये.

एवढं सांगून ते बाहेर जीपकडं गेले. मनकर्णा तिथंच उभी होती.

"नर्सबाई," ती म्हणाली. "म्हंजे मी ढोंग नाई करत?"

सुलोचनाबाईंनी वर पाहिलं. "नाही. बाकीच्या बायकांना पाच मिनिटांत जेवढा थकवा येतो, त्याच्या दुपटीहून जास्त तुम्हाला दोन मिनिटांत येतो."

"थे मशिनीत दिसलं?"

"दोन्ही दिवस दिसलं."

मनकर्णानं टेबलावरच्या वहीकडं बोट केलं. मग म्हणाली, "मले थे कागदावर लिहून द्या."

आकडे बायकांच्या हाती द्यायचे नाहीत असा नियम होता. सुलोचनाबाईंना तो माहीत होता. पण त्यांनी वहीचा कागद फाडला, त्यावर मनकर्णाचं नाव लिहिलं, तिचे आकडे लिहिले, समोर निरोगी बाईचे आकडे लिहिले, आणि खाली लिहिलं की हृदयाचा आजार आहे, जड काम करू नये, ऑपरेशनची गरज आहे. पुढं कितीतरी वर्षं त्यांना तो कागद आठवत राहिला.

त्या संध्याकाळी मनकर्णा गोदामापासून घरापर्यंत वाटेत दोनदा बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी बघतंय का हे तिनं पाहिलं नाही.

नत्थूजी हात-पाय धुऊन ओसरीवर बसला होता. तिनं कागद त्याच्यापुढं ठेवला. तो चौथीपर्यंत शिकला होता. त्यानं बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"हे सात तुहे?" त्यानं विचारलं.

"हो."

"अन् बाकीच्या बायकायचे?"

"तीन."

तिला वाटलं होतं की तो काहीतरी बोलेल. काय बोलेल हे तिनं ठरवलं नव्हतं, पण वाटेनं येताना तिनं त्याचा चेहरा डोळ्यांपुढं आणला होता, थोडासा खाली गेलेला. नत्थूजीनं कागदाची घडी घातली आणि ती आपल्या बंडीच्या खिशात ठेवली. जेवताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सतरा वर्षं ज्या बाईला त्यानं आळशी म्हणून शिव्या दिल्या, कधी हातही उचलला, तिच्याकडं कसं पाहायचं हे त्याला सुचत नव्हतं, आणि न सुचल्याचा त्याला राग येत होता.

कागदाचा अर्थ लावला तो रुख्माबाईनं. तिनं तो शेजारच्या मास्तरकडून वाचून घेतला आणि परत येऊन चुलीपाशी बसली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"दहा वर्साची असतानी रोग झाला व्हता म्हणते. मंग लग्नाच्या वक्ती काऊन नाई सांगतलं? तडकेल मडकं आमच्या घरी देल्लं तुह्या बापानं."

मनकर्णानं सांगितलं की कोणालाच माहीत नव्हतं. पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही. आजवर ती कामचुकार होती. कामचुकार बाईला रागावता येतं, मारता येतं, कामाला लावता येतं. आता ती रोगी होती, आणि तेही लिहून आलेलं होतं.

आठ दिवसांनी तिच्या भावाला हिंगणीहून बोलावून घेतलं. प्रेमदास हा तिच्याहून दोन वर्षांनी लहान, बोर धरणाच्या बाजूला त्याचं थोडं वावर होतं. ओसरीवर बोलणं झालं. नत्थूजीनं कागद काढून पुढं ठेवला आणि म्हणाला की ही बाई जड काम करू शकत नाही असं डॉक्टरनंच लिहिलंय, मी सालदार माणूस, हिला बसवून कसं ठेवू? ऑपरेशनचं काय ते तुम्ही पाहा. प्रेमदासनं कागद दोनदा वाचला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण बापाच्या जागी तो आला होता आणि बापानं खरंच काही लपवलं होतं की काय, हे त्याला नक्की ठाऊक नव्हतं. तो एवढंच म्हणाला की मी नेतो, बरी झाली की आणून सोडतो.

"पोट्टी इथंच राहीन," रुख्माबाई म्हणाली. "घरात पाण्याले कोणी पायजे का नाई."

गुलाब दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मनकर्णानं तिचे केस विंचरून वेणी घातली. वेणी घालायला तिला बराच वेळ लागला, कारण हात वर धरले की दम लागायचा. मग ती भावामागून बसस्टँडवर गेली.

आंजीतल्या अभ्यासाच्या शेवटच्या दिवशी सुलोचनाबाईंना हे कळलं. शकुबाईनं सांगितलं. मनकर्णाला यादीतून आधीच काढलं होतं. डॉक्टरांना निरोगी बायका हव्या होत्या, आणि तिचे आकडे घेतले असते तर सगळी सरासरी बिघडली असती. पण डॉक्टर देवपुजारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी चिठ्ठ्या दिल्या, सुलोचनाबाईंनी हिंगणीला पत्रं पाठवली. सेवाग्रामला छातीचा फोटो निघाला, हृदयाच्या ठोक्यांचा आलेख निघाला, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ऑपरेशन करता येईल. फासळ्यांमधून आत जाऊन बोटानं ते दार मोकळं करतात. बहुतेक बायका बऱ्या होतात. एक फॉर्म दिला. त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती.

प्रेमदास फॉर्म घेऊन आंजीला गेला. नत्थूजीनं त्याला चहा पाजला आणि वेचणीची गडबड संपली की येतो म्हणाला. होळीनंतर प्रेमदास पुन्हा गेला. तेव्हा नत्थूजीनं विचारलं की टेबलावरच मेली तर सही कोणाची राहील? तिसऱ्यांदा गेला तेव्हा तो वावरात होता आणि वावरातून आला नाही.

सही प्रेमदासलाही करता आली असती. दवाखान्यातल्या माणसानं तसं सांगितलं होतं. पण मनकर्णा करू देईना.

"तू सही केली म्हंजे मी त्या घरची नाई असं झालं," ती म्हणाली. "थे येतील. त्यायले टाइम लागते."

प्रेमदास आणि त्याची बायको आनंदाबाई दोघांनी समजावलं. सुलोचनाबाईंनी पत्रातून समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची, फॉर्म मात्र डब्यात ठेवून द्यायची.

हिंगणीत तिचे दिवस शांतपणे गेले, एवढं खरं. आनंदाबाई तोंडाची फटकळ होती, पण पहिल्याच आठवड्यात तिनं मनकर्णाच्या डोक्यावरची गुंड उतरवून घेतली आणि पुन्हा तिला पाण्याला जाऊ दिलं नाही. मनकर्णा अंगणात बसून कापसाच्या वाती वळायची. दोन्ही हातांनी, मांडीवर, सारख्या लांबीच्या. देवळासाठी, शेजारच्यांसाठी, मागेल त्याच्यासाठी. बसची वेळ झाली की तिचे हात थांबायचे. बस गेली की पुन्हा सुरू व्हायचे. पावसाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकून झोपायची.

दिवाळीला गुलाब आली. प्रेमदास तिला आणायला गेला होता आणि परत आल्यापासून बहिणीची नजर चुकवत होता. मनकर्णानं लेकीला जवळ बसवलं, तिचे हात उलटे करून पाहिले. बोटांना चिरा होत्या, वेचणी सुरू झाली होती. घरी सारं बरं आहे ना, असं तिनं विचारलं. गुलाब थोडा वेळ मांडीवरच्या वातींशी खेळत राहिली.

"बाबानं नवी माय आणली," ती म्हणाली. "वच्छला नाव हाय. पवनारची हाय." आणि मग घाईनं म्हणाली, "मले मारत नाई थे. चांगली हाय."

मनकर्णानं तिला फराळाचं ताट वाढलं. आनंदाबाई मागच्या दारी जाऊन पदरानं तोंड पुसत राहिली. गुलाब दोन दिवस राहिली आणि परत गेली. ती बस दिसेनाशी झाल्यावर मनकर्णानं डबा उघडला, फॉर्म काढला आणि भावापुढं धरला.

"कर तुही सही," ती म्हणाली.

पण आता दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की फार उशीर केलात. फुप्फुसांत पाणी साठत होतं, ते आधी गोळ्यांनी उतरवायला हवं होतं. रांगही होती. तारीख जानेवारीअखेरची मिळाली, एका सोमवारची.

ती तारीख घेऊन सुलोचनाबाई स्वतः हिंगणीला आल्या. आदल्याच आठवड्यात त्या आंजीला होत्या. अभ्यासाची दुसरी फेरी झाली होती, तेच यंत्र, तीच खोली, नवा पडदा. त्यांनी मनकर्णाला वर्षभरात पाहिलं नव्हतं. अंगणात भिंतीला टेकून बसलेल्या बाईकडं पाहून त्या क्षणभर दारातच थांबल्या. तिचा चेहरा बारीक झाला होता, गळ्याच्या शिरा उडत होत्या आणि पाय खांबासारखे सुजले होते. गालांवर मात्र लाली होती, या आजारात असते तशी, आणि दुरून पाहणाऱ्याला ती टवटवीत वाटली असती.

सुलोचनाबाईंनी तारखेचा कागद दिला. काय न्यायचं, कधी पोहोचायचं, कोणाला भेटायचं, सारं दोनदा सांगितलं. खाट राखून ठेवायला त्यांनी स्वतः वॉर्डात जाऊन सांगितलं होतं. मग त्या म्हणाल्या की मागच्या वर्षी मी तो कागद लिहून द्यायला नको होता.

"काऊन?" मनकर्णानं विचारलं. "खोटं थोडी लिहिलं व्हतं तुमी."

आनंदाबाईनं चहा आणला. चहा पिता पिता मनकर्णानं आंजीच्या बायकांची चौकशी केली. शकुबाईची सून बाळंत झाली का, पुंडलिकरावांच्या वावरात यंदा कापसाची पऱ्हाटी कशी आहे. सुलोचनाबाई सांगत होत्या. मग मनकर्णानं कपबशी खाली ठेवली.

"माह्या जागेवर कोणाले घेतलं?"

सुलोचनाबाईंनीही कप खाली ठेवला. बारावी बाई म्हणून पुंडलिकरावांनी ज्या बाईला पाठवलं होतं, तिचं नाव वहीत लिहितानाच त्यांचा हात थांबला होता. वच्छला नत्थूजी. पंचविशीतली, रुंद खांद्यांची, लाजरी बाई. तिनं ठोकळ्यावर पाच मिनिटं सहज काढली होती आणि अजून करू का, असं विचारलं होतं.

"थेच आली असन," मनकर्णा म्हणाली. "मले माहीत हाय."

"हो."

"तिचा आकडा किती आला?"

"कशाला विचारता, मनकर्णाबाई?"

"सांगा नं."

"दोन पूर्णांक आठ. अर्ध्या तासानं एक."

मनकर्णानं ते मनाशी घोळवलं. अंगणात कोंबडी वातींच्या कापसाला चोच मारत होती, तिला तिनं हातानं हाकललं.

"म्हंजे तब्येतीनं चांगली हाय," ती म्हणाली. "बरं झालं. गुलाबच्या डोक्यावरची एखांदी गुंड तरी उतरन."

सुलोचनाबाई उठल्या. त्यांनी पिशवी उचलली. मनकर्णानं प्रेमदासला हाक मारली आणि बाईंना बसमध्ये जागा मिळवून द्यायला सांगितलं. निघताना तिनं कागदात गुंडाळलेल्या वातींचा एक जुडगा त्यांच्या हातात ठेवला, घरी देवापाशी लावायला. सोमवारी सकाळी पहिल्या बसनं निघतो, दुपारपर्यंत पोहोचतो, तुम्ही काळजी करू नका, असंही तिनंच सांगितलं.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी सुलोचनाबाईंच्या नावानं संस्थेत एक पोस्टकार्ड आलं. प्रेमदासचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं, आणि घाईत ओळी एकमेकींवर चढल्या होत्या.

"नर्सबाईस प्रेमदासचा नमस्कार. मनकर्णा मंगळवारी पहाटे वारली. श्वास लागला, सेलूपर्यंत नेली, पुढं नेता आली नाही. गुलाबला आणलं होतं, तिच्या हातून पाणी पाजलं. नत्थूजी आला नाही. मनकर्णानं जायच्या आधी मला एक गोष्ट सांगून ठेवली म्हणून हे पत्र. ती म्हणाली का सोमवारची खाट फुकट ठेवू नये, नर्सबाईले कळवजो, रांगेत दुसरी बाई असन तिले देऊन टाका. तरी तसं करावं."

सुलोचनाबाई कार्ड घेऊन दवाखान्यात गेल्या. वॉर्डातल्या सिस्टरनं रजिस्टर काढलं, मनकर्णाच्या नावावर एक रेघ ओढली आणि यादीतलं खालचं नाव वाचलं. आर्वीकडची एक बाई होती, बावीस वर्षांची. तिला तार करावी लागणार होती. सिस्टरनं पत्ता उतरवून दिला आणि सुलोचनाबाई तो घेऊन तारऑफिसकडं निघाल्या.